जॉन गिल्बर्टचा आवाज खरंच चिरका होता का?

गिरगावचा_नंदू

रविवारी दुपारी आईबरोबर ‘क्वीन क्रिस्टिना’ (१९३३) बघत होतो. आई ग्रेटा गार्बोची भक्त, त्यामुळे रिमोट तिच्याकडे. अर्ध्या तासाने तिने विचारलं, “हा हीरो कोण रे?” मी ऐटीत म्हटलं, “जॉन गिल्बर्ट. मूकपटांत भयंकर मोठा स्टार होता. बोलपट आले, आवाज चिरका निघाला आणि बिचारा बुडाला.” आईने आवाज वाढवून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “हा चिरका? मग तुझ्या बाबांचा काय म्हणायचा?”

खरंच की. साधा, थोडासा हलका पण चांगला पुरुषी आवाज. मी पंचवीस वर्षं ही गोष्ट सांगत फिरतोय आणि माणसाचा आवाज एकदाही लक्ष देऊन ऐकला नव्हता. मग आठवडाभर हाच उद्योग केला. हाती लागलं ते इथे टाकतोय, जाणकारांनी भर घालावी.

दंतकथा सगळ्यांना माहीत आहे. ‘द बिग परेड’ (१९२५) आणि गार्बोबरोबरचा ‘फ्लेश अँड द डेव्हिल’ (१९२६) यांनी गिल्बर्ट एमजीएम स्टुडिओचा सगळ्यात मोठा नायक झाला. १९२९ साली ‘हिज ग्लोरियस नाइट’ आला. त्यात तो नायिकेला “आय लव्ह यू, आय लव्ह यू” असं पुन:पुन्हा म्हणतो. लोक खो खो हसले आणि कारकीर्द संपली. ‘सिंगिंग इन द रेन’मधला तो विनोदी प्रसंग यावरूनच घेतलाय म्हणतात. गंमत म्हणजे मूळ चित्रपट वर्षानुवर्षं कुणाला बघायलाच मिळत नव्हता. म्हणजे हसणाऱ्यांतल्या बहुतेकांनी फक्त नक्कल पाहिलेली.

आता दुसरी बाजू. १९२८ च्या अखेरीस गिल्बर्टशी नवा करार झाला: सहा चित्रपट, प्रत्येकी अडीच लाख डॉलर. त्या वेळी डॉलर पावणेतीन रुपयांच्या आसपास होता, म्हणजे एका चित्रपटाचे जवळपास सात लाख रुपये! हा करार केला न्यूयॉर्कच्या निकोलस शेंकने. तो एमजीएमची मालक कंपनी ‘लोज’ चालवायचा. हॉलिवूडमधला स्टुडिओ चालवणारा लुई मेयर मात्र गिल्बर्टला पाण्यात पाहायचा. याचं कारण म्हणून एक किस्सा सांगतात. ८ सप्टेंबर १९२६ ला दिग्दर्शक किंग विडोर आणि एलेनॉर बोर्डमन यांचं लग्न होतं. त्याच मांडवात गिल्बर्ट आणि गार्बोचंही लग्न व्हायचं होतं. गार्बो आलीच नाही. ताटकळलेल्या गिल्बर्टला मेयर काहीतरी घाणेरडं बोलला, गिल्बर्टने त्याला ढकलून आडवा केला आणि मेयर म्हणाला, तुला संपवीन.

आता स्वतःला मेयरच्या जागी ठेवून बघा. नावडता माणूस, डोक्यावर पंधरा लाख डॉलरचा करार, आणि तो करार तुम्ही केलेलाही नाही. त्याला काढलंत तर पैसे द्यावे लागणार. त्यानेच कंटाळून सोडलं तर फुकटात सुटका. मग भिकार पटकथा द्यायच्या आणि वाट बघायची.

गिल्बर्टने काय केलं? ‘डाउनस्टेअर्स’ (१९३२) ची कथा त्याची स्वतःची. त्यात त्याने आपणहून एका नीच, बायकांना नादी लावणाऱ्या शोफरचा रोल मागून घेतला. कथा स्टुडिओला विकली किती डॉलरला? एक! चित्रपट आजही बघण्यासारखा आहे आणि काम फर्स्ट क्लास. ‘क्वीन क्रिस्टिना’मध्ये तो आला तेही गार्बोने हट्ट धरला म्हणून. आधी लॉरेन्स ऑलिव्हिएला घेतलं होतं, तिने नको म्हटलं. १९३४ मध्ये गिल्बर्टने चित्रपटधंद्याच्या वर्तमानपत्रात पैसे भरून जाहिरात दिली: एमजीएम मला कामही देत नाही आणि करारातून मोकळंही करत नाही. ९ जानेवारी १९३६ ला गेला. वय ३८. दारू आणि हृदय.

तर माझं म्हणणं असं की बोलपटांनी मूकपटांचे तारे मारले ही अर्धी गोष्ट आहे. मायक्रोफोन हे हत्यार झालं, पण हात करारवाल्यांचा होता. बोला.

शेवंता०७

मस्त लेख. काकूंना नमस्कार. बाबांनी वाचलं का?

गिरगावचा_नंदू

बाबांनी “कोण गिल्बर्ट?” एवढंच विचारलं. त्याच आवाजात.

केतकी_प

लेख छान, पण थोडं पाणी ओतते.

लग्नातल्या मारामारीचा किस्सा मुख्यतः एलेनॉर बोर्डमनच्या आठवणींवर उभा आहे, आणि त्या तिने खूप नंतर सांगितल्या. गार्बोने त्या दिवशी लग्नाला होकार दिला होता की नाही इथपासून वाद आहे. किस्सा इतका नाट्यमय आहे की कुणालाच सोडवत नाही, पण त्यावर खटला उभा करू नये. करार आणि जाहिरात हे तुमचे भक्कम पुरावे, तेवढेच ठेवा.

दुसरं, मेयरने जाणूनबुजून वाईट चित्रपट दिले म्हणावं तर तोट्यात त्याचीही कंपनी होती. स्टुडिओवाले सूड घेतात, पण स्वतःच्या खिशातून सहा चित्रपटांचा सूड? जरा जास्त होतं. मला वाटतं त्यांना गिल्बर्टचं काय करायचं तेच कळत नव्हतं. त्याच्या अभिनयाची धाटणी मूकपटांची. डोळे, श्वास, हातावर ओठ टेकवणं. मूकपटात प्रेक्षक त्याच्या तोंडी स्वतःच्या मनातले शब्द घालायचे. बोलपटात ते शब्द एका पगारी लेखकाने लिहिले आणि ते टुकार निघाले. लोक हसले ते आवाजाला नाही, वाक्यांना.

आणि आवाजामुळे खरंच गेलेली माणसंही आहेत हो. विल्मा बँकी हंगेरीची, तिचे उच्चार जड. अभिनयाचं पहिलंवहिलं ऑस्कर घेणारा एमिल यानिंग्ज बोलपट येताच जर्मनीला परत गेला. नॉर्मा तालमाज दोन बोलपट करून घरी बसली. तिला म्हणे बहिणीने, कॉन्स्टन्सने, तार केली होती: नशीब आणखी ताणू नकोस बाई, आईने आपल्यासाठी करून ठेवलेल्या ट्रस्टच्या पैशाला टीकाकार हात लावू शकत नाहीत. मला ही तार भयंकर आवडते. आई असावी तर अशी.

गिरगावचा_नंदू

केतकीताई, किस्सा मी “म्हणतात” घालूनच सांगितलाय, पण मान्य. वाक्यांचा मुद्दाही मान्य. तरी रोनाल्ड कोलमन बघा. तोही मूकपटांतलाच प्रेमवीर, आणि बोलपटांत आणखी मोठा झाला, कारण निर्माता सॅम्युएल गोल्डविन याने त्याला शोभेल अशी पटकथा शोधून दिली. म्हणजे कुणीतरी डोकं लावलं की जमत होतं.

साउंडवाला

माझं पोट याच धंद्यावर चालतं (सिंक साउंड, म्हणजे शूटिंग चालू असतानाच आवाज टिपणं, २२ वर्षं), म्हणून राहवत नाही.

गिल्बर्टबद्दल आणखी एक अफवा आहे: मेयरच्या सांगण्यावरून त्याच्या आवाजातला बास काढून ट्रेबल वाढवला. मित्रांनो, एक माइक, दोन नट, एकच प्रसंग. त्याचा ट्रेबल वाढवला तर बाईचाही वाढणार. ती किंकाळीसारखी ऐकू यायला हवी. एमजीएमच्या साउंडचा प्रमुख होता डग्लस शिअरर, म्हणजे नटी नॉर्मा शिअररचा भाऊ. त्या माणसाने पुढे ऑस्करची रांग लावली. अशा कारागिराने मुद्दाम खराब रेकॉर्डिंग करावं हे मला तरी पटत नाही.

पण १९२९ चा सेट नटाला जगू द्यायचा नाही हे खरं. आधीचा सेट म्हणजे जत्रा: दिग्दर्शक शॉट चालू असताना भोंग्यातून ओरडतोय, “आता वळ, आता रड”, शेजारच्या सेटवर सुतार ठोकतायत, कोपऱ्यात नटीला रडू यावं म्हणून एक व्हायोलिन आणि छोटा ऑर्गन. कॅमेऱ्याची घरघर वेगळीच. आणि एके दिवशी हे सगळं बंद. दारं-खिडक्या बंद. आर्क दिवे गुणगुणतात म्हणून त्यांच्या जागी तापणारे बल्ब. कॅमेरा खडखडतो म्हणून तो कॅमेरामनसकट एका हवाबंद खोक्यात, त्यामुळे कॅमेरा हलत नाही. माइक फुलदाणीत लपवलेला, त्यामुळे नट हलत नाही. रेशमी परकर सळसळला की कट. पत्राचा कागद वाजला की कट. मान वळवली तर आवाज गेला. वर्षानुवर्षं अंगाने अभिनय केलेल्या माणसाला फुलदाणीशी प्रेमसंवाद म्हणायला सांगायचं!

यातून वाट काढली एका बाईने. पॅरामाउंटच्या ‘द वाइल्ड पार्टी’ (१९२९) वर दिग्दर्शक डॉरोथी आर्झनर होती आणि नायिका क्लारा बो. क्लारा सेटभर वाऱ्यासारखी पळायची, एका जागी उभं राहून बोलणं तिला जमेना, माइककडे घाबरून बघायची. आर्झनरने माइक मासे धरायच्या काठीला बांधून तिच्या डोक्यावरून फिरवला. आम्ही आज बूम म्हणून धरतो ती हीच काठी. माझा खांदा दुखतो तेव्हा मी आर्झनरबाईंची आठवण काढतो.

अ_निकेत

साउंडवाला, एक नंबर प्रतिसाद.

क्लारा बोबद्दल: आवाजाने बुडाली म्हणून सांगतात त्यात तिचंही नाव हमखास येतं. ब्रुकलिनची झोपडपट्टी, मनाचा आजार असलेली आई, १९२७ च्या ‘इट’ने रातोरात ‘इट गर्ल’. पण तिचे बोलपट चालले होते! १९३१ मध्ये तिच्याच सेक्रेटरीवर चोरीचा खटला झाला आणि साक्षींच्या निमित्ताने क्लाराचं सगळं खासगी आयुष्य वर्तमानपत्रांत आलं. ती कोलमडली ती त्याने. १९३३ मध्ये स्वतःच निघून नेव्हाडातल्या रँचवर नवऱ्याकडे राहायला गेली.

बस्टर कीटनचं तर उलटंच. एमजीएममधले त्याचे बोलपट त्याच्या मूकपटांपेक्षा जास्त धंदा करत होते. ‘द जनरल’ (१९२६) आज लोक डोक्यावर घेतात, तेव्हा पडला होता. मग १९२८ मध्ये तो एमजीएममध्ये गेला. चॅप्लिनने नको म्हटलं होतं, हॅरल्ड लॉइडने नको म्हटलं होतं. स्वतःचं युनिट गेलं, प्रत्येक विनोदाला वरून मंजुरी. पुलावरून खरीखुरी आगगाडी नदीत पाडणारा माणूस! गाडी एकच, टेकही एकच. त्याला लिहून दिलेले विनोद म्हणायला लावले. पैसे मिळत होते, आणि तो पीत होता. १९३३ मध्ये काढला.

मृण्मयी_सांडिएगो

आवाजावर चर्चा चाललीय आणि मॅरियन डेव्हिस नाही? ती चक्क तोतरी होती. बोलपट येणार म्हटल्यावर सगळ्यात आधी तीच जायला हवी होती. पण कॅमेऱ्यासमोर तिचं तोतरेपण जवळपास नाहीसं व्हायचं आणि पुढची सात-आठ वर्षं ती बोलपटांत काम करत राहिली. का? पाठीशी वर्तमानपत्रांचा सम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट होता. नंदू, तुझा मुद्दा उलट्या बाजूने सिद्ध होतो बघ. स्टुडिओला तू हवी आहेस म्हटलं की तोतरेपणही चालतं.

आम्ही गेल्या वर्षी कॅलिफोर्नियात सॅन सिमिऑनला हर्स्टचा डोंगरावरचा वाडा बघून आलो. ज्युलिया मॉर्गन या बाईने बांधलेला. १९२० च्या दशकात शनिवार-रविवारी अर्धं हॉलिवूड तिथे. आगगाडीने सॅन लुइस ओबिस्पो, तिथून मोटारी, वाटेत हर्स्टच्या खासगी प्राणिसंग्रहालयातले झेब्रे आणि जिराफ. जेवणघर म्हणजे देऊळच: दोन्ही बाजूंना चर्चमधली कोरीव लाकडी बाकं, वर रेशमी झेंडे. आणि त्या लांबलचक टेबलावर केचपच्या बाटल्या आणि कागदी नॅपकिन! गाइड म्हणाली, हर्स्टला लहानपणी डोंगरावर तंबूत सहलीला यायचे त्याची आठवण ठेवायची होती. पाहुणा नवा असला की जागा मधोमध हर्स्टजवळ, मुक्काम लांबला की रोज एकेक खुर्ची टोकाकडे. दारू मोजकी. जास्त झाली तर खोलीत बॅग भरून ठेवलेली सापडायची. मॅरियन स्वतः लपवून प्यायची.

आणि “हर्स्टची ठेवलेली, म्हणून हिरॉइन” हा शिक्का. ‘सिटिझन केन’ (१९४१) मधली गळा नसलेली गायिका म्हणजे तीच असं जग धरून चाललं. खुद्द ऑर्सन वेल्सने पुढे तिच्या आठवणींना प्रस्तावना लिहून सांगितलं की ती बाई आणि मॅरियन यांचा काही संबंध नाही, मॅरियन उत्तम विनोदी नटी होती. किंग विडोरचा ‘शो पीपल’ (१९२८) बघा, ती स्वतःचीच टर उडवते. १९३७ मध्ये हर्स्ट कर्जात बुडाला तेव्हा याच “ठेवलेल्या” बाईने दागिने विकून त्याला दहा लाख डॉलर दिले.

झेब्र्यांचे वंशज अजून आहेत. हायवे वन वरून जाताना गाईंच्या कळपात चरताना दिसले. आमच्या चिरंजीवांना वाडा आठवत नाही, झेब्रे आठवतात.

कोल्हापुरी_ठसका

झेब्रे झाले, जिराफ झाले. आमच्या मास्टर विठ्ठलला कसं विसरला राव?

आवाज, करार, कोर्ट, सगळं एकाच माणसात घ्या. विठ्ठल बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, म्हणजे आमच्या कोल्हापुरात, तयार झालेला गडी. पुढं मुंबईत शारदा फिल्म कंपनीत तलवारबाजी आणि घोडेस्वारीचे मूकपट करून इतका गाजला की लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणायचे. फेअरबँक्सच्या ‘थीफ ऑफ बगदाद’ने (१९२४) आपल्याकडं धुमाकूळ घातलेला, त्यामुळं ही पदवी म्हणजे काय ते समजून घ्या.

मग अर्देशीर इराणींनी पहिल्या बोलपटासाठी त्याला घेतलं. शारदावाल्यांनी करार मोडला म्हणून कोर्टात खेचला. विठ्ठलच्या बाजूनं वकील कोण? बॅरिस्टर जिना. केस जिंकली! आणि १४ मार्च १९३१ ला नंदूशेठ तुमच्याच गिरगावात, मॅजेस्टिकला, ‘आलम आरा’ लागला.

पण हिरोची उर्दू कच्ची. मग केलं काय, तर त्याची भूमिकाच अशी रचली की बराच वेळ तो गुंगीत, अर्धवट बेशुद्ध. देशातला पहिला बोलपट आणि हिरो मुका! हॉलिवूडवाल्यांनी गिल्बर्टला घरी पाठवायला चार वर्षं घालवली, आपल्याकडं सरळ बेशुद्ध करून काम भागवलं. पुढं विठ्ठल मराठी चित्रपटांत बरीच वर्षं कामं करत राहिला.

केतकी_प

ठसका, हसून हसून पुरेवाट!

याच रांगेत सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स. पुण्यात जन्मलेली ज्यू मुलगी, मूकपटांची सम्राज्ञी. पगार गव्हर्नरपेक्षा जास्त असं लोक म्हणायचे. बोलपट आल्यावर हिंदुस्तानी येईना म्हणून काम थांबलं. तिने चक्क सुट्टी घेऊन भाषा शिकली आणि परत येऊन आपल्याच गाजलेल्या मूकपटांच्या बोलक्या आवृत्त्या केल्या: ‘माधुरी’, ‘इंदिरा एम.ए.’, ‘अनारकली’. आणि चित्रपटांत येण्याआधी ती काय होती? टेलिफोन ऑपरेटर! म्हणजे आवाजावरच नोकरी.

नंदू, हे तुमच्या करार-सिद्धांतात बसत नाही, बघा काय करता.

गिरगावचा_नंदू

बसवतो की. तिच्या कंपनीने, इंपीरियलने, तिला वेळ दिला. मेयरने दिला असता का?

केतकी_प

गार्बोला दिला ना! एमजीएमने तिला १९३० च्या ‘अॅना ख्रिस्ती’पर्यंत बोलू दिलं नाही, थांबवून ठेवलं, स्वीडिश उच्चारांना शोभेल अशी स्वीडिश बापाच्या मुलीची भूमिका शोधली आणि “गार्बो बोलते!” अशी जाहिरात केली. त्याच मेयरने.

गिरगावचा_नंदू

म्हणजे मेयरला जमत होतं आणि गिल्बर्टसाठी त्याने केलं नाही. माझंच म्हणणं सिद्ध होतंय ताई.

केतकी_प

तुमच्याशी वाद म्हणजे फुलदाणीशी संवाद.

अरुंधती_वाचक

माझ्या मते नंदूचा सगळ्यात पक्का साक्षीदार लुईझ ब्रूक्स आहे, तिचा उल्लेख अजून कसा नाही?

काळ्याभोर केसांचा तो कपाळावरचा कट आठवतोय ना, तीच. १९२८ मध्ये पॅरामाउंटने तिला ठरलेली पगारवाढ नाकारली. तिथला मोठा साहेब बी. पी. शुलबर्ग, त्याचं म्हणणं, आता बोलपट येतायत, तुझा आवाज कसा निघतो कुणास ठाऊक, आहे त्या पगारावर राहा नाहीतर जा. ती गेली. सरळ बर्लिनला, दिग्दर्शक पाब्स्टच्या ‘पँडोराज बॉक्स’साठी. इकडे तिने आधी केलेला ‘कॅनरी मर्डर केस’ हा मूकपट पॅरामाउंटला बोलका करायचा होता. परत बोलावलं, पैसे देऊ केले. तिने नाही म्हटलं. मग मार्गारेट लिव्हिंगस्टन नावाच्या दुसऱ्या नटीचा आवाज तिच्या ओठांवर चिकटवला आणि ब्रूक्सचा आवाज चित्रपटाला चालण्यासारखा नाही अशी बोलवा झाली. आवाज ऐकण्याआधीच निकाल! तिच्या नंतरच्या मुलाखती मिळतात त्या ऐका, खणखणीत बाई.

१९४० च्या दशकात ती न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर विक्रेती होती. पुढे रॉचेस्टरच्या चित्रपट संग्रहालयातल्या जेम्स कार्डने तिला तिकडे नेलं. तिथे तिने स्वतःचे जुने चित्रपट पहिल्यांदा नीट पाहिले आणि लिहायला लागली. स्टुडिओ नट-नट्यांना कसे वागवायचे याबद्दल तिच्याइतकं तिखट आणि नेमकं कुणी लिहिलं नसेल. बोलपटांचा धाक दाखवून पगार कापण्याची ती मालकांना मिळालेली आयती संधी होती, हे तिचंच म्हणणं.

विल्यम हेन्सचंही बघा. १९३० मध्ये अमेरिकेत तिकीटबारीवर पुरुष नटांत पहिला, म्हणजे आवाज ठणठणीत. तो पुरुष जोडीदाराबरोबर राहायचा आणि मेयरला दाखवण्यापुरतं लग्न हवं होतं. हेन्सने ऐकलं नाही, १९३३ मध्ये बाहेर. मग गृहसजावटीचा धंदा केला आणि जुन्या मैत्रिणींचे बंगले सजवून आरामात जगला. जोडीदाराबरोबर जवळपास पन्नास वर्षं.

फोंड्याचो_पावस

धाग्यात वाजंत्र्यांची कुणी आठवण काढली नाही. आवाज आला तेव्हा पडद्यावरच्यांपेक्षा पडद्याखालचे जास्त बुडाले.

माझे आजोबा फोंड्याहून मुंबईला गेले ते व्हायोलिन घेऊन. पारोकियाल शाळेत, म्हणजे चर्चच्या संगीतशाळेत, शिकलेले. मुंबईच्या एका थिएटरात इंग्रजी मूकपटांना वाजवायचे. पाठलागाला एक चीज, प्रेमाला एक, आणि मरणाला तिसरी. ते सांगायचे, प्रसंग लांबला आणि कागदावरचं संगीत संपलं की पियानोवाला डोळ्यांनी खूण करायचा आणि सगळे चर्चमधलं काहीतरी हळू लयीत ओढायचे. पब्लिकला पत्ता नाही. बोलपट लागला त्या महिन्यात मॅनेजरने हिशोब चुकता केला. नंतर हॉटेलांच्या बँडमध्ये गेले, ते जमलं. अमेरिकेत वादकांच्या संघटनेने तर या “डबाबंद संगीता”विरुद्ध वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या होत्या, वाद्य वाजवणारा राक्षसी यंत्रमानव दाखवून.

शेवंता०७

हे वाचून अंगावर काटा आला. आजोबांवर वेगळा धागा काढा ना.

दादरचा_दीक्षित

सगळं छान आहे, पण हे परदेशी नटनट्यांचं कौतुक किती दिवस? आपल्या मूकपटांवर लिहा की कुणीतरी.

अरुंधती_वाचक

दीक्षितकाका, लिहायला चित्रपट शिल्लक हवेत. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट झाले. आज जे आहेत ते काही डझन, त्यातही कित्येकांचे तुकडे. ‘आलम आरा’चीसुद्धा प्रिंट नाही. नायट्रेटची फिल्म, आग लागायला निमित्त पुरतं. लोक चांदी काढायलाही वितळवायचे. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या प्रभातच्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठाराला आग लागली त्यात किती गेलं ते आठवलं तरी त्रास होतो.

तिकडेही फार वेगळं नाही. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ मध्ये हिशोब मांडला. जवळपास ११,००० मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण शिल्लक फक्त १४ टक्के. थीडा बारा या नटीने चाळीसेक चित्रपट केले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. फॉक्स स्टुडिओचं कोठार १९३७ मध्ये जळलं. उलट कॅनडात डॉसन सिटी या सोन्याच्या खाणीच्या गावी नको झालेली रिळं बुजवलेल्या पोहण्याच्या तलावात भर म्हणून टाकली होती. १९७८ मध्ये खोदकामात पाचशेच्या वर रिळं निघाली. बर्फाळ जमिनीने सांभाळली. आपल्याकडे असा बर्फही नाही.

दादरचा_दीक्षित

हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो.

बाय द वे, फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्डच्या ‘पिकफेअर’ बंगल्यावर १९२२ मध्ये मधुचंद्राला कोण उतरलं होतं? लॉर्ड माउंटबॅटन आणि एडविना. लग्न ठरलं होतं आपल्या दिल्लीत, आणि मधुचंद्रात चॅप्लिनने त्यांना घेऊन एक छोटा गमतीचा चित्रपटही काढला. शेवटचा व्हाइसरॉय चॅप्लिनचा नट होता म्हणा की!

फ्रीमाँटकर

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मंडळींसाठी: आपल्या फ्रीमाँटमध्येच नाइल्स नावाचा जुना भाग आहे. तिथे १९१२ ते १६ एस्सने कंपनीचा स्टुडिओ होता. ब्रॉन्को बिली अँडरसनचे वेस्टर्न तिथलेच, आणि चॅप्लिनने १९१५ मध्ये ‘द ट्रॅम्प’ही तिथेच केला. आता तिथे मूकपटांचं संग्रहालय आहे. १९१३ चं एडिसन थिएटर, लाकडी जमीन, आणि शनिवारी संध्याकाळी पियानोच्या साथीवर मूकपट. भारतीय किराणा दुकानापासून दहा मिनिटांवर, आणि मला इथे अकरा वर्षं राहून पत्ता नव्हता.

तिथेच मी ‘द बिग परेड’ पाहिला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेला अमेरिकन पोरगा गिल्बर्ट, आणि गावातली मुलगी रेने आडोरे. त्याला फ्रेंच येत नाही, तिला इंग्रजी. बाकावर बसून तो तिला च्युइंगगम खायला शिकवतो. तोंडातून लांब ओढून दाखवतो. ती चावते, चावते, आणि गिळून टाकते. त्याचा चेहरा! पियानोवाल्याने नेमका तिथे हात उचलला आणि पूर्ण थिएटरात फक्त लोकांचं हसू. नंतर पलटण निघते तेव्हा ती ट्रकला लोंबकळते, हात सुटतो, आणि तो ट्रकमधून तिच्याकडे घड्याळ फेकतो, गळ्यातली साखळी फेकतो, शेवटी पायातला बूट काढून फेकतो. ती बूट छातीशी धरून धुळीत बसलेली. माझ्या शेजारी एक सत्तरीची बाई स्वतःशी “ओ नो, ओ नो” करत होती.

साउंडवाला

पियानोवाल्याने हात उचलला म्हणजे जाणकार आहे. आमच्याकडे लोकांना शांतता मिक्स करता येत नाही.

गिरगावचा_नंदू

फ्रीमाँटकर, काल रात्री आईला ‘बिग परेड’ लावून दिला. च्युइंगगमला हसली, बुटाला डोळे पुसले, आणि मग म्हणाली, “याला बोलायला लावलं कुणी?”

केतकीताई, हे मत तुमच्या खात्यात धरायचं की माझ्या, ते तुम्हीच ठरवा.

आणि फ्रीमाँटकर, शनिवारी काय लावणार ते आधी कळतं का? माझा मामा सनीवेलला असतो, आई दिवाळीनंतर तिकडे जाणार आहे. आत्तापासून मागे लागलीय.

फ्रीमाँटकर

महिन्याचं पत्रक येतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. काकूंना सांगा, खुर्च्या कडक आहेत, उशी आणा.